टॅपिंग शिकताय? आधी वाक्य नीट करा

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे. परीक्षेच्या ताणाने गळाठून गेलेली बारावीची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा टॅपिंग, म्हणजेच ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स: आपला त्रास शब्दांत म्हणत शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी हलकेच ठोकणं), मला फार उपयोगी पडतं. या क्षेत्रात नव्याने येणारे आणि काही शिक्षकही विचारतात की सुरुवात कशी करायची. बहुतेक जण बिंदूंचा तक्ता घोकायला बसतात. माझं मत वेगळं आहे. तक्ता एका दुपारी येतो. मेहनत लागते ती समोरच्या मुलाला नेमकं काय होतंय, हे त्याच्याच शब्दांत पकडायला.

तरी तक्ता सांगून टाकते. तर्जनी आणि मधलं बोट जुळवून प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा हलकेच ठोकायचं. आधी तळहाताची करंगळीकडची मांसल कड. मग भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखालचं हाड, नाक आणि वरच्या ओठाच्या मधली जागा, खालच्या ओठाखालचा खळगा, गळ्याखालचं आडवं हाड जिथे सुरू होतं तिथे किंचित खाली, काखेखाली चार बोटं, आणि शेवटी डोक्यावरची टाळू. बाजू डावी-उजवी कुठलीही चालते. सुरुवातीला ताणाला 0 ते 10 मधला आकडा द्यायचा. तळहाताच्या कडेवर ठोकताना तीनदा पूर्ण वाक्य म्हणायचं. त्यात त्रासही येतो आणि स्वतःचा स्वीकारही. पुढच्या बिंदूंवर त्या त्रासाची आठवण देणारे दोन-तीन शब्द पुरतात. फेरी झाली की एक मोठा श्वास, आणि पुन्हा आकडा.

आता वाक्याकडे येते. समजा, एखादी मुलगी म्हणते, "मला फिजिक्सचं टेन्शन आहे," आणि आकडा सांगते आठ. "मला फिजिक्सचं टेन्शन असलं तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते," असं म्हणत दोन फेऱ्या होतात आणि आकडा आठवरच राहतो. नवशिक्या समुपदेशकाला इथे वाटतं की टॅपिंग चालत नाही, किंवा आपले बिंदू चुकले. तसं नसतं. "टेन्शन" ही फार मोठी मोट आहे, ती सोडायला हवी. मी विचारते, ते कधी जास्त होतं? शरीरात कुठे जाणवतं? मग ती सांगते, पहिला प्रश्न वाचला आणि तो आला नाही की हात गार पडतात. आता वाक्य होतं, "पहिला प्रश्न आला नाही की माझे हात गार पडतात, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते." आकडा हलायला लागतो तो इथून.

तो पाचवर येऊन पुन्हा अडतो, तेव्हा घाई करू नका. बऱ्याचदा खालून दुसरंच काही वर आलेलं असतं. मागच्या वर्षी चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचले गेले होते, त्याची शरम. किंवा क्लासची फी भरताना वडिलांचा उतरलेला चेहरा. विषय फिजिक्सचा राहिलेलाच नसतो. या नव्या पैलूला नवं वाक्य, नवा आकडा. मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो, कारण मूल कित्येकदा ती गोष्ट पहिल्यांदाच बोलून दाखवत असतं.

हे तंत्र आलं कुठून, तेही माहीत असावं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांनी 1980च्या सुमारास पाण्याच्या भीतीने ग्रासलेल्या एका महिलेला डोळ्याखाली ठोकायला लावलं आणि त्यातून आपली पद्धत उभी केली. त्यात प्रत्येक त्रासाला बिंदूंचा वेगळा क्रम होता. गॅरी क्रेग या अभियंत्याने 1990च्या दशकात सगळ्यांसाठी एकच क्रम ठरवून ती सोपी केली.

पुराव्यांबाबत मुलांशी आणि पालकांशी प्रामाणिक राहा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 83 जणांच्या अभ्यासात टॅपिंग करणाऱ्या गटात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुमारे 24 टक्के उतरलं, तर इतर गटांत सुमारे 14 टक्के. पण कॅनडातल्या 2003च्या एका प्रयोगात एका गटाने नेहमीचे बिंदू वापरले, दुसऱ्याने भलतेच, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर टॅपिंग केलं. तिन्ही गटांची भीती कमी झाली. म्हणूनच शरीरातल्या ऊर्जावाहिन्या मोकळ्या होतात हे स्पष्टीकरण मी देत नाही. भीतीचा विषय मनात धरून शरीर संथ लयीत ठेवलं की भीतीची धार कमी होते, एवढंच सांगते. वाक्यावर माझा भर आहे, त्याला या प्रयोगाने बळच मिळतं.

मुलाला हात लावू नका. तुम्ही स्वतःवर करून दाखवा, त्याला त्याचं करू द्या. अत्याचार, अपघात, घरातला मृत्यू असं काही वर आलं तर टॅपिंग तिथेच थांबवा, मुलाला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून द्या. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर त्याच क्षणी पालकांना आणि डॉक्टरांना सामील करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. चालू गोळ्या टॅपिंगच्या भरवशावर कुणीही बंद करायच्या नाहीत. ईएफटीचा कोर्स केला म्हणून आपण मानसोपचारतज्ज्ञ होत नाही.

सराव स्वतःच्या किरकोळ वैतागांवर करा: चुकलेली बस, कुणाचा लागलेला शब्द. स्वतःचं वाक्य नेमकं करता आलं की दुसऱ्याचं ऐकताना कान तयार होतो. मुलांनाही परीक्षेच्या महिनाभर आधी शिकवा, आदल्या दिवशी नको. परीक्षा हॉलमध्ये चेहऱ्यावर ठोकायला त्यांना लाज वाटते. तिथे बाकाखाली तळहाताची कड दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकायची किंवा दाबायची आणि आपलं वाक्य मनातल्या मनात म्हणायचं. पेपर हातात यायच्या आधी तेवढा वेळ मिळतो.