बक्षीस दिले, शिक्षाही केली, तरी सवय बदलत नाही? या चुका टाळा

लोकलने उभ्याने प्रवास करून गोरेगावला घरी पोहोचलेली आई कुकर लावत असते आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा मोबाईलसाठी हट्ट धरून बसलेला असतो. ती तीनदा नाही म्हणते. चौथ्यांदा मात्र, रडण्याचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जाऊ लागल्यावर, मोबाईल त्याच्या हातात देते आणि घर शांत होते. या दहा मिनिटांत धडा दोघांनीही घेतलेला असतो. पुरेसा वेळ रडले की मोबाईल मिळतो हे मुलगा शिकतो, आणि मोबाईल दिला की रडणे थांबते हे आई शिकते.

वर्तनवादी मानसशास्त्र, म्हणजे मनात काय चालले आहे यापेक्षा दिसणारे वर्तन आणि त्याचे परिणाम अभ्यासणारी शाखा, या प्रसंगाकडे कोणाच्याही स्वभावाला दोष न देता पाहते. खटका दाबला की उघडणाऱ्या पेटीत मांजरांना कोंडून एडवर्ड थॉर्नडाइक यांनी केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हा त्यांचा परिणामाचा नियम. पुढे बी. एफ. स्किनर यांनी समाधान हा मनातला शब्दही बाजूला ठेवला आणि ज्या परिणामामुळे वर्तन वाढते त्याला प्रबलन म्हटले; ज्यामुळे ते घटते त्याला आज वर्तनवादी शिक्षा म्हणतात. देणाऱ्याच्या हेतूला या व्याख्यांत जागाच नाही, आणि घरातल्या व वर्गातल्या बहुतेक चुका नेमक्या इथे सुरू होतात.

ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असे समजणे

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास आढळते. धन आणि ऋण हे शब्द इथे चांगले-वाईट या अर्थाने नसून बेरीज-वजाबाकीच्या अर्थाने येतात. काही मिळाल्यामुळे वर्तन वाढले तर ते धन प्रबलन, नकोसे काही टळल्यामुळे किंवा थांबल्यामुळे वाढले तर ते ऋण प्रबलन. जुलैच्या पावसात स्टेशनबाहेर पडताच आपण छत्री उघडतो, कारण भिजणे टळते. गाडीत पट्टा लावतो, कारण कानाशी वाजणारी पिपाणी बंद होते. वरच्या प्रसंगातल्या आईलाही ऋण प्रबलनच मिळाले. म्हणून मुलाची सवय बदलायची असेल, तर आधी आईला मिळणाऱ्या त्या शांततेचा हिशेब मांडावा लागतो.

रागावणे ही शिक्षाच आहे, असे गृहीत धरणे

मागच्या बाकावरचा मुलगा खोड्या काढतो, बाई त्याला उभे करून रागावतात, सगळा वर्ग वळून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी खोड्या वाढलेल्या असतात. बाईंच्या लेखी ती शिक्षा होती, परंतु मुलासाठी चाळीस जणांचे लक्ष हेच प्रबलन ठरले. असा संशय आल्यास आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर साधी नोंद ठेवावी: आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि त्यानंतर लगेच त्याला काय मिळाले. आपल्या रागावण्यानंतर खोड्यांचा आकडा चढत असेल, तर त्या रागावण्याला शिक्षा म्हणणे सोडून द्यावे आणि मूल शांत बसलेले असताना त्याच्याकडे लक्ष द्यायला सुरुवात करावी. ऐकायला सोपे आणि करायला कठीण असे हे काम आहे, कारण शांत बसलेले मूल आपल्या नजरेतच येत नाही.

मध्येच माघार घेणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. एखाद्या वर्तनाला मिळणारे प्रबलन पूर्ण थांबवले की ते वर्तन हळूहळू विझते, याला विलोपन म्हणतात. मात्र विझण्यापूर्वी ते बरेचदा उसळी घेते. मोबाईल मिळणे बंद झाल्यावर पहिले काही दिवस रडणे वाढू शकते, त्यात लोळणे आणि वस्तू फेकणे यांची भर पडू शकते. ‘हा उपाय उलटा पडला’ असे वाटून पालक नेमके याच टप्प्यावर नमतात, आणि मग मूल पहिल्यापेक्षा मोठा हट्ट शिकते.

त्यातही ‘कधी देणे, कधी न देणे’ हे सर्वांत चिवट सवय घडवते. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवर, म्हणजे ते दर वेळी मिळते की अधूनमधून यावर, मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कळ टोचल्यावर दर वेळी दाणा मिळणारे कबूतर दाणा बंद होताच टोचणे लवकर सोडते. अनियमितपणे मिळणारे मात्र खूप वेळ टोचत राहते. लॉटरीचे तिकीट काढणारा माणूसही याच वेळापत्रकावर चालतो.

म्हणून नकार देण्यापूर्वी तो टिकवता येईल का, हे आजी-आजोबांसह घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. आजोबा हळूच मोबाईल देणार असतील, तर आईचा नकार हा त्या लॉटरीचाच एक भाग होतो. नकार टिकणार नाही अशी खात्री असेल, तर माझ्या मते मोबाईल चौथ्या मागणीला देण्यापेक्षा पहिल्या, शांत मागणीलाच द्यावा. निदान रडण्याला प्रबलन मिळत नाही. त्याहून बरा मार्ग डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वाचा आहे. मूल जी गोष्ट आपणहून पुष्कळदा करते, ती त्याला फारशा न आवडणाऱ्या कामानंतर ठेवावी: आधी पोळीभाजी, मग कार्टून. आपल्या आज्या हे कोणत्याही प्रयोगाशिवाय करत आल्या आहेत.

बक्षीस फार दूर ठेवणे

‘दहावीला नव्वद टक्के मिळाले तर सायकल’ हे आश्वासन जूनमध्ये दिले जाते आणि निकाल पुढच्या वर्षी लागतो. आज रात्री अर्धा तास वाचण्याच्या कृतीला त्यातून काहीच मिळत नाही. शिवाय टक्के हे वर्तन नव्हे, ते वर्तनाचे फळ आहे. बक्षीस छोटे असावे, लगेच मिळावे आणि मुलाच्या हातात असलेल्या कृतीसाठी असावे.

मुलाला मुळातच आवडणाऱ्या गोष्टीला बक्षिसाची अट जोडणेही टाळावे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या अभ्यासात, प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ज्या बालवाडीतल्या मुलांकडून चित्रे काढून घेतली, त्यांचा चित्रे काढण्यातला रस पुढे कमी झाला. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांचा तसा झाला नाही. हा निष्कर्ष वर्तनवाद्यांना सहज पचला नाही आणि त्यावरचा वाद पुढे बराच चालला, तरी सावधगिरीला तेवढे कारण पुरेसे आहे.

शिक्षेकडून नको त्या अपेक्षा ठेवणे

स्किनर यांच्या १९३८ च्या ग्रंथातल्या एका प्रयोगात, अन्नासाठी खटका दाबायला शिकलेल्या उंदरांच्या पंजांवर चापट बसत असे. त्यांचे खटका दाबणे काही काळ दबले, पण चापट बंद झाल्यावर त्यांनी कसर भरून काढली. मार खाल्लेले मूलही पुष्कळदा एवढेच शिकते की बाबा घरात असताना ते करायचे नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत.

दंडाचे गणितही फसते. इस्रायलमधल्या हैफा शहरात मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे वाढले आणि दंड रद्द केल्यावरही ते प्रमाण चढेच राहिले. ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. पालकांनी दंड म्हणजे जादा वेळेची फी मानली. गृहसंकुलातल्या चुकीच्या पार्किंगवर किरकोळ दंड लावणाऱ्या समित्यांनी हा धोका ध्यानात घ्यावा.

मुंबई वाहतूक पोलिसांचा २०२० च्या सुरुवातीला गाजलेला सिग्नलचा प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा होता. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. परिणाम तत्काळ होता, ही त्याची जमेची बाजू. पण तो हॉर्न न वाजवणाऱ्यालाही तितकाच भोगावा लागे, आणि कृती व परिणाम यांचा दुवा तिथेच सैल होतो.

सवय लागल्यावर बक्षीस एकदम बंद करणे

मूल रोज रात्री दप्तर भरू लागले की पालक शाबासकी द्यायला विसरतात आणि महिनाभरात जुने दिवस परत येतात. गोरेगावच्या त्या आईला जे अनियमित प्रबलन नडले, ते इथे कामाला येते. आधी दर रात्री, मग एक-दोन रात्री सोडून, मग मुलाला अंदाज येणार नाही अशा एखाद्या रात्री शाबासकी द्यावी. दप्तर पुन्हा तसेच पडून राहू लागले, तर अंतर फार लवकर वाढवले असे समजून काही दिवस आधीच्या टप्प्यावर परत यावे.