हात गळ्यात बांधताना होणाऱ्या या चुका टाळा

हाड मोडलं, खांदा निखळला किंवा खांद्याचं ऑपरेशन झालं की हात गळ्यात येतो. मेडिकलमधून निळा नाहीतर काळा पाऊच, म्हणजे हाताची तयार झोळी, आणला जातो, घरातलं कुणीतरी तो अंदाजाने चढवतं आणि संध्याकाळपर्यंत पेशंटची मान अवघडते, बोटं फुगतात. मग पाऊचलाच नावं ठेवली जातात. बहुतेक वेळा पाऊच ठीक असतो. कोपर कोपऱ्यात गेलेलं नसतं, एवढंच.

कोपर आणि शिवण यात फट

पाऊचच्या मागच्या टोकाला जिथे शिवण मिळते, तिथे कोपर टेकलं पाहिजे. तिथे तीन-चार बोटांची फट राहिली की तेवढाच हात पुढून बाहेर येतो. मग पाऊचचा काठ बरोबर मनगटावर येतो आणि पंजा त्यावरून खाली लोंबतो. सूज बोटांकडे उतरते, मनगट दुखतं, आणि काठ करंगळीच्या बाजूला रुतला तर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. पेशंटला वाटतं, ऑपरेशनमध्ये नस दुखावली. आधी कोपर मागे सरकवून पाहा. अर्ध्या-पाऊण तासात मुंग्या गेल्या नाहीत तर डॉक्टरांना फोन करा.

चढवायची रीत अशी. पेशंटला खुर्चीत बसवा, खांदे सैल सोडायला सांगा. पट्टा पूर्ण ढिला करा. पेशंटने चांगल्या हाताने दुखरा हात खालून धरायचा आणि मदत करणाऱ्याने पाऊच हाताखाली आणायचा. हात उचलून पाऊचमध्ये घालायला गेलं की खांदा हलतो आणि पेशंट ओरडतो. कोपर शिवणीला टेकलं की अंगठा त्याच्या छोट्या पट्टीत अडकवा. ही पट्टी अनेक जण शोभेची समजून मोकळी सोडतात. हात पुढे घसरू नये म्हणूनच ती दिलेली असते. आता मुख्य पट्टा कोपराकडून पाठीवरून वर न्या, चांगल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे आणा, मनगटाजवळच्या कडीतून ओवा आणि हळूहळू आवळा. कोपर काटकोनात आणि पंजा कोपराच्या किंचित वर आला की थांबा.

मग आरशासमोर उभं राहायचं. दुखरा खांदा कानाकडे चढलेला दिसला तर पट्टा जास्त आवळलाय. खाली झुकलेला दिसला तर ढिला आहे. हे एकदा करून भागत नाही. चालताना, जेवताना, खुर्चीत घसरून टीव्ही बघताना कोपर पुढे येतंच, त्यामुळे दिवसातून चार-पाचदा तरी तपासावं.

माप घेताना कोपराच्या मागच्या टोकापासून करंगळीच्या मुळापर्यंत टेप लावा. पाऊच तिथे संपला पाहिजे. "मोठा घ्या, सैल बरा पडतो" हा दुकानातला सल्ला ऐकू नका. मोठ्या पाऊचमध्ये बोटं बुडतात. ती हलवलीही जात नाहीत आणि निळी पडली तरी कुणाला दिसत नाहीत.

सगळा भार मानेवर

पट्टा मानेच्या अगदी जवळ असला की हाताचं वजन दिवसभर मानेवर येतं. तो थोडा बाहेर, खांद्यावर सरकवा आणि खाली पंचाची जाड घडी ठेवा. मणक्यावर गाठ किंवा बक्कल नको. एवढं करूनही मान दुखतच असेल तर दोन खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा असलेला पाऊच मिळतो, तो घ्या. बसल्यावर हात उशीवर टेकवला तरी मानेला बराच आराम मिळतो, पण हे करण्याआधी पुढचा भाग वाचा.

एकाची झोळी दुसऱ्याला

शेजारच्या काकांचा जुना पाऊच धुऊन वापरण्यात गैर काही नाही, पण त्यांचं दुखणं आणि तुमचं दुखणं एक आहे का? कॉलरचं हाड मोडलं असेल तर कोपराला खालून आधार हवा असतो, म्हणून पाऊच. दंडाचं हाड मोडून त्याला ऑपरेशनशिवाय जुळू द्यायचं ठरलं असेल तर अनेकदा फक्त मनगटाला फोमच्या पट्टीचा फास देऊन तो गळ्यात अडकवतात. कोपर मुद्दाम मोकळं लोंबतं, कारण हाताच्या वजनानेच हाड ओढलं जाऊन सरळ रेषेत राहतं. अशा पेशंटला घरचे मायेने पाऊच चढवतात नाहीतर कोपराखाली उशी सरकवतात, आणि ते वजनच नाहीसं होतं. मोडलेली टोकं एकमेकांवर ढकलली जातात.

खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवल्यावर हात आणि बरगड्या यांच्यामध्ये फोमची जाड उशी असलेला पाऊच देतात. ही उशी अडचणीची असते, दारातून जाताना अडकते, म्हणून काढून ठेवली जाते. हात अंगापासून थोडा दूर राहिला की शिवलेल्या जागेवरचा ताण कमी होतो, त्यासाठीच ती आहे. डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती राहू द्या.

हात "जपून" ठेवणं

इथे सर्वात जास्त नुकसान होतं. पाऊच खांद्याला विश्रांती देण्यासाठी असतो, पण बोटं, मनगट आणि कोपर उगाचच त्यात अडकून पडतात. जागेपणी दर तासाला दहा वेळा मूठ घट्ट मिटायची आणि बोटं पूर्ण ताणायची. दिवसातून तीन-चार वेळा पाऊच काढून, दंड अंगाला चिकटून ठेवून, कोपर सरळ करायचं आणि वाकवायचं. कोपराचंच हाड मोडलं असेल किंवा दंडाच्या पुढच्या स्नायूचा स्नायुबंध शिवला असेल तर कोपराचा व्यायाम विचारल्याशिवाय नको.

मनगट मोडलेल्या साठीपुढच्या बायकांच्या बाबतीत तर ही चूक ठरलेली. प्लॅस्टर मनगटाला, पण हात सहा आठवडे गळ्यात. मनगट बरं होतं आणि खांदा असा आखडतो की वेणी घालता येत नाही, ब्लाउजचा हूक लागत नाही. साध्या मनगटाच्या फ्रॅक्चरला झोळी पहिले काही दिवस, सूज असेपर्यंत पुरते. त्यानंतर हात रोज अनेकदा डोक्यावर नेला पाहिजे. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याचा धोका आणखी वाढतो, म्हणून किती दिवस बांधायचं हे पहिल्याच भेटीत लिहूनच घ्या.

साधारण अंदाज असा: निखळलेला खांदा बसवल्यावर 1 ते 3 आठवडे, कॉलरच्या हाडाला 2 ते 6, स्नायुबंध शिवल्यावर 4 ते 6. शेवटच्या बाबतीत दुखणं आधीच थांबतं आणि लोक पाऊच काढून बादली उचलतात. दुखणं थांबलं म्हणजे शिवण धरली असं नाही.

रात्र

सपाट झोपलं की कोपर गादीत मागे जातं आणि खांद्याचा पुढचा भाग ताणला जातो. पाठीमागे दोन-तीन उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपा. दंडाखाली कोपरापर्यंत एक घडी केलेली चादर अशी ठेवा की मान किंचित वळवल्यावर कोपर डोळ्यांना दिसलं पाहिजे. मनगटाच्या फासवाल्यांनी ही घडी वगळायची.

घाम, अंघोळ, कपडे

आपल्याकडच्या हवेत काख चार दिवसांत लाल होते. कमरेतून पुढे वाका, हात सैल लोंबू द्या. काख आपोआप उघडते. ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, सुती रुमालाची घडी ठेवा. पावडरचा थर देऊ नका, घामात तिच्या गुठळ्या होतात. खांदा नुकताच बसवला असेल किंवा फ्रॅक्चर ताजं असेल तर असं वाकायच्या आधी विचारा.

कपडे पुढून उघडणारे. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पाऊच कपड्यांच्या वर.

दुचाकी चालवायची नाही, मागेही बसायचं नाही. खड्ड्यात गाडी आदळली की धरायला एकच हात उरतो.

थांबू नका अशी लक्षणं

अंगठी आणि बांगड्या पहिल्याच दिवशी काढा, सूज आल्यावर कापाव्या लागतात. नख दाबून सोडलं की गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. बोटं गार, निळसर किंवा बधिर होणं, प्लॅस्टरमधल्या हाताचं दुखणं गोळीनेही न थांबता वाढत जाणं, दुसऱ्याने बोटं सरळ केली तर असह्य कळ येणं, यात सकाळची वाट पाहायची नाही. ऑपरेशनच्या वेळी मानेजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं असेल तर मात्र हात 12 ते 24 तास जड आणि बधिर राहतो. त्या काळात हाताला काहीच कळत नाही, म्हणून काठ रुतलाय का आणि चहाचा कप टेकलाय का हे दुसऱ्याने पाहायचं.

पाऊच धुताना

वेल्क्रो लावूनच धुवा, नाहीतर त्यात दोरे अडकून पकड जाते. अडकलेच तर जुन्या टूथब्रशने काढा. पावसाळ्यात पाऊच दिवसभर वाळत नाही, म्हणून दोन असलेले बरे. एकच असेल तर तेवढ्या वेळापुरती साधारण मीटरभर चौरस सुती कापडाची तिरपी घडी करा. त्रिकोणाचं मधलं टोक कोपराकडे, एक लांब टोक चांगल्या खांद्यावर, दुसरं हाताखालून वर घेऊन दुखऱ्या खांद्यावरून मागे न्या. गाठ मानेच्या बाजूला बांधा. कोपराकडचं टोक पुढे दुमडून सेफ्टी पिन लावा, नाहीतर कोपर तिथूनच निसटतं.