घरच्या घरी डेव्हिल्ड एग्ज: अंडी उकडण्यापासून सारण भरेपर्यंत सगळं

उकडलेलं अंडं उभं चिरून वर कांदा, तिखट-मीठ, कोथिंबीर टाकून गाड्यावर मिळतं ते तर सगळ्यांनाच माहितीय. डेव्हिल्ड एग्ज करायला त्याच्यापेक्षा थोडंसं जास्त काम आहे, पण अवघड काहीच नाही. अंडं उकडायचं, अर्धं करायचं, आतला पिवळा बलक काढून तो मेयोनीज, मोहरी आणि थोडं आंबट घालून एकदम मऊ करायचा आणि परत त्याच पांढऱ्या वाटीत भरायचा, वरून चिमूटभर लाल तिखट. झालं. अमेरिकेत ईस्टरला आणि उन्हाळ्यातल्या सहलींना हे असतंच असतं, तिकडं याच्यासाठी अंड्याच्या आकाराचे खळगे असलेल्या खास प्लेटा पण मिळतात. पण भरलेली अंडी त्याच्या लई आधीपासूनची आहेत, १३व्या शतकात स्पेनच्या अंदालुसिया भागात बलकात कोथिंबिरीचा रस, कांद्याचा रस आणि मिरी घालून अंडी भरायचे, म्हणजे कोथिंबीर घातली तर बिघडलं काय असं कुणी विचारलं तर बिनधास्त सांगा की ही जुनीच रीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवायची म्हणजे हा पदार्थ थंड खायचा असतो आणि चवीला सौम्य असतो. आपला मराठवाड्यातला हात तिखटाला सैल, काळं तिखट, लसूण, येसर असं काहीतरी घातल्याशिवाय आपल्याला जेवल्यासारखं वाटत नाही, पण पहिल्यांदा करताना ते सगळं डब्यातच राहू द्या. याची सगळी चव मेयोनीजचा स्निग्धपणा, नाकात जाणारी मोहरी आणि जिभेला लागणारं आंबट यांचा तोल जमण्यात आहे. मसाला वरचढ झाला की मंग ती भरली अंडी होतात, चांगलीच लागतात, पण ती वेगळी.

सामान असं घ्या: ६ अंडी (म्हणजे १२ अर्धुकं, चार जणांना चहाच्या वेळेला पुरतात), मेयोनीज पोह्याच्या चमच्यानं ४ ते ५ चमचे, फेसलेली मोहरी अर्धा चहाचा चमचा किंवा दुकानातली मस्टर्ड पेस्ट एक चमचा, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक चहाचा चमचा, ताजी कुटलेली मिरी, मीठ चवीपुरतं (मेयोनीजमध्ये आधीच असतं म्हणून हात आखडता), आणि वरून टाकायला काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीचं तिखट, रंगाला छान आणि तिखटाला कमी.

अंडी कुठली घ्यायची

इथंच निम्म्या लोकांचं काम बिघडतं. गावरान अंडं चवीला भारी, बलक पण भरपूर आणि रंगानं गडद, पण आठवडी बाजारातून सकाळी आणलेलं ताजं अंडं संध्याकाळी उकडलं तर टरफलाबरोबर निम्मा पांढरा भाग निघून येतो आणि वाटीला खड्डे पडतात. याचं कारण असं की अंडं जसजसं जुनं होतंय तसतसा त्यातला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या बारीक छिद्रांतून बाहेर जातो, पांढरा भाग जास्त अल्कली होतो आणि आतल्या पातळ पापुद्र्याला तो कमी चिकटतो. म्हणून ताजी अंडी ऑम्लेटला वापरा आणि याच्यासाठी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली घ्या. ओळखायचं कसं तर भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा. तळाला आडवं पडलं तर ताजं, तळाला टेकून उभं राहिलं तर आपल्या कामाचं, वर तरंगायला लागलं तर बाजूला काढा, ते वापरू नका.

आणखी एक, ट्रेमध्ये अंडी उभी असतात, तशीच उकडली की बलक एका टोकाला सरकलेला राहतो आणि अर्धं केल्यावर एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ निघते. आदल्या रात्री अंडी आडवी करून ठेवा, बलक बराचसा मधोमध येतो.

उकडायचं कसं

कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या काढायची सवय बऱ्याच घरांत आहे. याच्यासाठी ते नको. पांढरा भाग साधारण ६२ अंशाच्या पुढं गोठायला लागतो आणि बलक ७० च्या आसपास घट्ट होतो, कुकरात तर पाणी १०० च्या वर जातं, मंग पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो आणि बलकाच्या भोवती हिरवट-काळपट कडा येते. ती कडा म्हणजे पांढऱ्या भागातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचं मिळून झालेलं असतं, खायला अपाय काही नाही, पण सारण मळकट दिसतं आणि वास पण मारतो.

माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे वाफेवर. इडलीपात्रात किंवा कुठल्याही झाकणाच्या पातेल्यात एक-दीड ग्लास पाणी, वर जाळी नाहीतर भोकाची ताटली, पाणी खळखळून वाफ धरली की मगच अंडी ठेवायची, झाकण लावायचं, शिट्टी असेल तर काढून टाकायची, आणि घड्याळ लावून १२ मिनिटं. फ्रिजमधून थेट काढलेली असतील तर १३. थंड पाण्यात अंडी टाकून हळूहळू तापवली की पापुद्रा चिकटून बसतो, एकदम गरम वाफ लागली की तो सुटा राहतो, म्हणून सोलायला सोपं जातं. आणि पाणी पण कमी लागतं बगा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना सहा अंड्यांसाठी पातेलंभर पाणी उकळून मोरीत ओतायला जीव होत नाही.

वाफवायची सोय नसेल तर पाणी आधी उकळू द्या, झाऱ्यावर घेऊन अंडी अलगद सोडा, मध्यम आचेवर ११ ते १२ मिनिटं. पहिली दोन-तीन मिनिटं चमच्यानं हळूच फिरवत राहा.

गार करणं विसरू नका, आणि गार म्हणजे खरंच गार. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, त्यात अंडी टाकून काही होत नाही, आतली उष्णता तशीच राहते आणि बलक शिजतच राहतो. माठातलं पाणी घ्या, त्यात बर्फाचा एक ट्रे रिकामा करा आणि अंडी १० मिनिटं बुडवून ठेवा. ते पाणी नंतर कुंडीत ओता.

सोलायला रुंद टोकाकडून सुरुवात करा, तिथं हवेची पोकळी असते. टोक ओट्यावर हळूच आपटा, मंग अंडं तळहाताखाली फिरवून सगळ्या बाजूंनी टरफलाला तडे पाडा आणि त्याच पाण्यात बुडवून सोला, पापुद्र्याच्या खाली पाणी शिरतं आणि टरफल सरकत निघून येतं.

अर्धं करायला धारदार सुरी नाहीतर शिवणाचा दोरा. दोऱ्यानं काप एकदम साफ येतो, अंड्याला उभा विळखा घालायचा आणि दोन्ही टोकं ओढायची. सुरी वापरली तर प्रत्येक वेळी ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर पुढच्या अंड्याच्या पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात. प्रत्येक अर्धुकाच्या पाठीचा पातळसा चकतीएवढा भाग कापून टाकला की ते ताटात डगमगत नाही.

सारण

बलक वाटीतून काढायला चमचा नको, अर्धुक बोटांनी हलकं दाबलं की आपोआप बाहेर पडतो. आता तो चाळायचा. काटेचमच्यानं कुस्करला तरी चालतं असं सगळीकडं सांगतात, पण गुठळ्या राहतातच, आणि मिक्सरमध्ये फिरवला तर चिकट गोळा होतो. आपल्या घरात पुरणाची चाळण असतेच, तिच्यातून वाटीच्या बुडानं बलक दाबून खाली पाडा, एकसारखा भुगा पडतो, याच्याइतकं चांगलं साधन या कामाला दुसरं नाही. होळी सोडून वर्षभर ती चाळण बिचारी वरच्या फळीवर पडून असते, काढा तिला. ज्यांच्या घरी अंड्याची भांडी वेगळी ठेवतात त्यांनी साधी बारीक चाळणी वेगळी घेतली तरी काम होतं.

मोहरीचं मात्र मन लावून करा, कारण याच्या चवीचा कणा तोच आहे. बाटलीतली मस्टर्ड पेस्ट छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरला सहज मिळते, तालुक्याला मिळेलच असं नाही, आणि घरी फेसलेल्या मोहरीची सर तिला नाही. लोणच्याला फेसतो तशीच. दोन चमचे मोहरी कोरडीच बारीक करा, चाळून साल काढून टाका, दोन-तीन चमचे गार पाणी घालून वाटीत चमच्यानं जोरात फेसत राहा. पाच-सात मिनिटांत ती नाकात जायला लागते, डोळ्यात पाणी येतं. मोहरीचा झणका पूड पाण्याला भेटली की तयार होतो आणि गरम पाणी घातलं तर तो होतच नाही, म्हणून पाणी गारच पाहिजे. हवा तेवढा झणका आला की लगेच लिंबू पिळा किंवा व्हिनेगर घाला, आंबटानं तो तिथंच थांबतो आणि टिकतो. चिमूटभर हळद, चिमूटभर मीठ. थोडा वेळ झाकून ठेवली की कडवटपणा पण कमी होतो. ही बाटलीतल्यापेक्षा लई जोरदार असते, म्हणून सहा अंड्यांना अर्धाच चमचा सांगितला, उरलेली काकडीच्या कोशिंबिरीत घाला.

मेयोनीज पाकिटातलं चालतं, पण आपल्याकडं बहुतेक दुकानांत अंड्याविना असलेलं मिळतं आणि ते गोडसर असतं. ते वापरलं तर मोहरी आणि लिंबू थोडं वाढवा, साखर अजिबात नको. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करणारे करतात, पण उन्हाळ्यात, आणि घरात लहान लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर कच्चं अंडं नकोच, साल्मोनेलाचा धोका असतो. त्याच्यापेक्षा चक्का वापरा. दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगा (उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, नाहीतर आंबट ढाण होतं), त्यातला चार-पाच चमचे चक्का आणि दोन चमचे करडईचं तेल. करडई आपल्या मराठवाड्याचंच पीक, रिफाइंड तेलाला वास जवळजवळ नसतो त्यामुळं बलकाची चव दबत नाही. घाण्याचं तेल असेल तर एकच चमचा घाला, त्याला स्वतःची चव असते. चक्का आंबट असेल तर लिंबू कमी करा.

आता बलकाच्या भुग्यात आधी तीनच चमचे मेयोनीज, मोहरी, आंबट, मिरी घालून घोटा, मग चव बघून एकेक चमचा वाढवत जा. एकदम सगळं ओतलं आणि पातळ झालं तर मागं येता येत नाही, मंग एक अंडं जास्तीचं उकडून त्याचा बलक घालावा लागतो. चमच्यावर घेऊन चमचा उलटा केला तर खाली पडलं नाही पाहिजे, पण जिभेवर ठेवलं की विरघळलं पाहिजे. चव घेताना थोडं झणझणीत आणि थोडं जास्त आंबट वाटलं तर ते बरोबर आहे, कारण एक तर ते फ्रिजमध्ये थंड झाल्यावर चव कमी जाणवते आणि दुसरं म्हणजे सोबतचा पांढरा भाग अळणी असतो.

भरायला दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन पुसून घ्या, त्यात सारण भरून कोपरा कापा आणि मेंदीच्या कोनासारखं दाबत गोल फिरवत भरा. चमच्यानं भरलं तरी चालतंय, पण घरी पाहुणे असले तर पिशवीनंच भरा, दिसायला फार सुंदर दिसतं. वाटीच्या थोडं वर आलं पाहिजे. वरून तिखट चिमटीत धरून उंचावरून भुरभुरा म्हणजे एका जागी ढीग होत नाही.

मग अर्धा तास तरी फ्रिजमध्ये, झाकून.

एकदा साधं जमलं की दुसऱ्या वेळेला खुशाल आपलं काही करा. वरून लाल तिखटाऐवजी काळं तिखट अगदी नखभर टाका, किंवा कारळाची चटणी भुरभुरा, मऊ सारणावर ती कुरकुरीत लागते आणि माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या चटण्यांत तीच याला सगळ्यात शोभते. शेंगदाण्याची चटणी पण छान, पण आतमध्ये मिसळू नका, सारण जड होतं. कच्चा कांदा घालायचाच असेल तर अगदी बारीक चिरून वाढायच्या वेळी वर ठेवा, आत घातला की पाणी सोडतो.

ठेवण्याबद्दल काळजी घ्या. भरलेली अंडी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढं असताना, एक तासाच्या वर नकोच. लाइट जाऊन फ्रिज बराच वेळ बंद राहिला असेल तर खाऊ नका. सोललेली पांढरी अर्धुकं झाकणाच्या डब्यात आणि सारण पिशवीत, असं वेगवेगळं फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतं, टरफलासकट उकडलेली अंडी आठवडाभर. थंडीत शेतात हुरड्याला निघालात किंवा ३१ डिसेंबरला कुणाच्या घरी न्यायची असली तर असंच वेगवेगळं न्या, बर्फाच्या पिशवीसोबत, आणि तिथं गेल्यावर भरा, रस्त्याच्या खड्ड्यांत भरलेली अंडी आडवी झाली की सगळं झाकणाला लागतं.

सारण उरलं तर गरम ज्वारीच्या भाकरीला लावून खा, सोबत कच्चा कांदा.