खुब्याच्या फ्रॅक्चरवर अभ्यास करताय? या चुका टाळा

ऑर्थोपेडिक विभागात संशोधनाची आकडेमोड बघणारा एक माणूस असतो. प्रबंध जमा करायला पंधरा दिवस उरले की निवासी डॉक्टर एक्सेलची फाईल घेऊन त्याच्याकडे धावत येतात आणि म्हणतात, ‘सर, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.’ पी व्हॅल्यू म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा असू शकतो का, हे जोखायचा आकडा. तो माणूस मी. आलेल्या फायलींपैकी बऱ्याचशा म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याच्या फ्रॅक्चरवरच्या असतात. रुग्ण भरपूर, ऑपरेशन ठरलेलं, एक्स-रे हाताशी, त्यामुळे विषय सोपा वाटतो. पण हा रुग्ण ऐंशीच्या घरातला असतो. त्याला हृदयाचा, मूत्रपिंडाचा, फुप्फुसाचा काही ना काही जुना आजार असतो, विसरभोळेपणा असतो आणि वर्षाच्या आत अशा शंभरातले वीस ते तीस जण गेलेले असतात. खेळाडूंच्या गुडघ्यावरच्या अभ्यासाचा साचा उचलून इथे बसवला, की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

आला नाही म्हणजे बरा आहे, असं धरू नका

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा फाईल घेऊन आला. ट्रोकँटरजवळच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याजवळच्या) फ्रॅक्चरमध्ये नेल (हाडाच्या आत घालायची सळई) बरा की प्लेट-स्क्रू, असा विषय. सहा महिन्यांनंतरचे गुण इतके छान होते की मलाच शंका आली. जवळजवळ सगळे ‘उत्तम’ किंवा ‘चांगले’. मी रांगा मोजल्या. सुरुवातीला शंभराच्या आसपास रुग्ण होते, सहा महिन्यांच्या रकान्यात साठेक.

‘बाकीचे कुठे आहेत?’

‘सर, लॉस्ट टू फॉलो-अप.’

म्हणजे पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. हे तो इतक्या सहज म्हणाला, जणू छत्री हरवली होती. मी त्याला केसपेपर काढायला लावले आणि फोन करायला बसवलं. संध्याकाळी वॉर्ड शांत झाल्यावर तो फोन लावायचा, मी शेजारी बसायचो. तिसऱ्याच फोनवर एका बाईंनी विचारलं, ‘सासरे तर ऑपरेशननंतर दीड महिन्यात गेले. तुमच्याकडे नोंद नाही?’ त्यानंतर बराच वेळ त्याने पुढचा नंबर फिरवला नाही. तीन संध्याकाळी हेच चाललं. कुणी गेले होते. कुणी अंथरुणाला खिळले होते, त्यांना ओपीडीत आणणं घरच्यांना शक्यच नव्हतं. काही नंबर चुकीचे निघाले. पूर्ण बरे होऊन कंटाळ्यामुळे न आलेले अगदी मोजके.

ओपीडीत जो चालत येतो त्याचंच चालणं आपण मोजतो, मग निकाल चांगला लागला याचं नवल कसलं? आणि घोळ एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या फाईलमध्ये एका गटातले जास्त रुग्ण दगावले होते. सगळ्यात अशक्त रुग्ण यादीतूनच गेल्यामुळे उरलेल्यांची सरासरी वर चढली आणि तोच गट सरस दिसू लागला.

त्याने मग मला फार चांगला प्रश्न विचारला. ‘सर, गेलेल्यांचा स्कोअर किती धरायचा?’

याची उत्तरं लोकांनी काढून ठेवली आहेत. कण्यातून भूल की पूर्ण भूल, हे बघणारी रीगेन ही ट्रायल २०२१ मध्ये आली. १६०० रुग्ण होते. त्यांनी मुख्य निकालच असा ठरवला होता, की साठाव्या दिवसापर्यंत मृत्यू किंवा कुणी न धरता दहा फूट चालता न येणं. काठी, वॉकर चालेल, माणसाचा आधार नको. १८.५ टक्के विरुद्ध १८.० टक्के, म्हणजे फरक दिसला नाही. गेलेला रुग्ण मात्र हिशेबातून सुटला नाही. दुसरा मार्ग जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या ईक्यू-५डी या प्रश्नावलीचा. तिच्या मोजपट्टीवर मृत्यूची जागा शून्यावर ठरलेली आहे, आणि काही अवस्था शून्याच्याही खाली जातात. वॉर्डात पाय ठेवलेल्या कुणालाही ते पटेल.

माझी सवय सांगतो. भरतीच्या दिवशीच दोन फोन नंबर घ्यायचे आणि तिसरा नंबर त्या घरात न राहणाऱ्या नातेवाइकाचा. ‘आजोबांजवळ रात्री कोण असतं?’ हा प्रश्न विचारून त्याचं नाव लिहायचं, कारण खरी माहिती त्याच्याकडे असते. मृत्यूला तारखेसकट स्वतंत्र रकाना. ‘शेरा’ नावाच्या रकान्यात ‘एक्स्पायर्ड’ असं कोंबलेलं दिसलं, की मी फाईल परत करतो.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे इम्प्लांट किती टिकलं हे काढायला डोळे मिटून कॅप्लन-मायर (काळानुसार किती जण टिकले याचा आलेख काढायची पद्धत) लावणं. गेलेल्या माणसाचा स्क्रू पुढे कधीच निसटणार नाही. कॅप्लन-मायर मात्र त्याला ‘अजून निसटू शकला असता’ अशांच्या रांगेत धरतं आणि अपयशाचा आकडा फुगतो. इतके मृत्यू असलेल्या गटात मृत्यूला प्रतिस्पर्धी घटना धरून अपयशाचं काळानुसार साचत जाणारं प्रमाण काढा. त्यासाठीची फाइन आणि ग्रे यांची पद्धत १९९९ पासून उपलब्ध आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिक जास्त लागतात, एवढंच.

‘लवकर ऑपरेशन केलेले जास्त जगले’

दरवर्षी एक तरी फाईल हा शोध लावते. मी विचारतो, उशीर कुणाला झाला? ज्याचं हृदय साथ देत नव्हतं, जो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर होता, ज्याला न्यूमोनिया होता, ज्याला भूलतज्ज्ञांनी दोनदा परत पाठवलं. असे रुग्ण जास्त दगावले तर दोष घड्याळाचा की आजाराचा, हे त्या फाईलमधून कळणार नाही. रिग्रेशनमध्ये (इतर घटकांचा परिणाम वेगळा काढायच्या आकडेमोडीत) वय आणि एएसए ग्रेड (भूल देण्याआधी रुग्ण किती आजारी आहे याची श्रेणी) टाकल्याने सगळं धुतलं जातं, हा नवख्यांचा गोड गैरसमज आहे.

हिप अटॅक ही ट्रायल २०२० मध्ये आली. १७ देशांतले २,९७० रुग्ण, चिठ्ठी टाकून वाटलेले. निदानापासून ऑपरेशनपर्यंत एका गटात साधारण ६ तास, दुसऱ्यात साधारण २४. मृत्यू ९ आणि १० टक्के, मोठी गुंतागुंत दोन्हीकडे २२ टक्के. मग काही जण उलट्या टोकाला गेले. ‘बघा, घाई करून उपयोग नाही,’ म्हणत तीन-तीन दिवस थांबण्याला याचा दाखला देऊ लागले. अहो, त्यातल्या ‘नेहमीच्या’ गटातले निम्मे रुग्णसुद्धा साधारण २४ तासांत टेबलावर गेले होते! तीन दिवसांबद्दल ती ट्रायल काहीच बोलत नाही. शिवाय लवकर केलेल्या गटात डेलिरियम (अचानक येणारा भ्रम) कमी दिसला आणि ती माणसं लवकर उभी राहिली. पण हे वाचायला गोषवाऱ्याच्या पुढे जावं लागतं.

वेळेबद्दल आणखी एक. घड्याळ कुठून सुरू केलं ते लिहा. पडल्यापासून, दवाखान्यात आल्यापासून की निदान झाल्यापासून? एकटी राहणारी म्हातारी बाई दोन दिवस घरात पडून असते आणि मग आणली जाते. भरतीपासून मोजलं तर ती ‘लवकर ऑपरेशन’च्या गटात बसते. एकदा माझ्याकडे आलेल्या फाईलमध्ये सात जणांचं ऑपरेशन भरतीच्या आधीच झालेलं होतं. कुणीतरी सकाळ-संध्याकाळ न लिहिता बारा तासांच्या घड्याळाने वेळा भरल्या होत्या. हे सात जण उणे आकड्यामुळे पकडले गेले. अधिक आकड्यात लपलेले किती होते, ते शोधायला सगळे केसपेपर पुन्हा काढावे लागले. तेव्हापासून चोवीस तासांच्या घड्याळाशिवाय मी फाईल हातात घेत नाही. ऑपरेशनची वेळ नेहमी भूलतज्ज्ञांच्या कागदावरून घ्यावी. सर्जनच्या टिपणातली वेळ बहुधा आठवून लिहिलेली असते.

याच जातीची आणखी एक गंमत. ‘तीन महिन्यांत हाडांच्या ठिसूळपणाचं औषध सुरू झालेले रुग्ण जास्त जगले.’ तिसऱ्या महिन्यात औषध मिळायला तिसऱ्या महिन्यापर्यंत जगावं लागतं ना? आधीच गेलेले सगळे आपोआप ‘औषध न घेतलेल्या’ गटात पडले. औषधाचा खरोखर उपयोग असू शकतो. होरायझन नावाच्या २००७ च्या ट्रायलमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर झोलेड्रॉनिक अॅसिड हे ठिसूळपणाचं औषध दिलेल्या गटात मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते. पण तिथे २,१२७ रुग्ण चिठ्ठीने वाटले होते. तुमच्या फाईलने ते सिद्ध केलेलं नाही.

स्मृतिभ्रंश असलेले वगळले

का वगळले, असं विचारलं की उत्तर येतं, ‘आधीच्या प्रबंधात तसंच होतं.’ खुब्याच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांत साधारण एक तृतीयांश लोकांची स्मृती किंवा समज मंदावलेली असते. त्यांना काढून टाकलंत, तर सगळ्यात अवघड रुग्णांबद्दल तुमचा अभ्यास गप्प बसणार. उत्तरं जवळच्या माणसाकडून घ्या, तशी सोय ईक्यू-५डीमध्ये आहे. संमती घ्यायला वेळ जातो हे खरं. जाऊ द्या.

आता भराभर

हॅरिस हिप स्कोअर (खुब्याचं दुखणं आणि हालचाल यांना गुण देणारी मोजपट्टी) सवयीने वापरू नका. तो १९६९ चा, खुब्याच्या सांध्याच्या जुन्या दुखापतीनंतर झालेल्या संधिवातासाठी बनवलेला. बसमध्ये चढता येतं का, असं तो विचारतो. पडण्याआधीही जी आजी घराबाहेर पडत नव्हती, तिला हा प्रश्न कशाला?

पडण्याआधी रुग्ण कसा चालायचा, हे भरतीच्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी विचारलं, की प्रत्येक आजोबा पडण्याआधी ठणठणीत असतात.

खुब्याच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरचे गार्डनचे चार प्रकार १९६१ पासून आहेत आणि पहिला-दुसरा, तिसरा-चौथा यांत दोन तज्ज्ञांचं सहज एकमत होत नाही. हाड सरकलंय की नाही, एवढंच ठरवा. दोघांनी वेगवेगळं बघा. एकाच फिल्मवर डोकं लावून ‘एकमताने’ ठरवलेलं मोजू नका.

टिप-अपेक्स अंतर (स्क्रूच्या टोकापासून हाडाच्या डोक्याच्या शिखरापर्यंतचं) मोजताना एक्स-रेचं मोठं होणं वजा करा. स्क्रूचा खरा व्यास कंपनीच्या कागदावर असतो, त्यावरून प्रमाण काढा. बॉमगार्टनर यांच्या १९९५ च्या लेखापासून चालत आलेली २५ मिलिमीटरची रेघ समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही फिल्मवरच्या अंतरांची बेरीज आहे, एकट्या समोरच्या फिल्मची नव्हे.

वर्षभरात दुसराही खुबा मोडला म्हणून एका माणसाची दोन माणसं होत नाहीत.

कर्करोग पसरून मोडलेलं हाड आणि जुन्या कृत्रिम सांध्याभोवतीचं फ्रॅक्चर वेगळं काढा.

‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही सारखेच’ असा लिहू नका, विशेषतः साठ रुग्ण असताना. मृत्यूतला एका टक्क्याचा फरक जवळजवळ तीन हजार रुग्णांतही ठरवता आला नाही, हे वर पाहिलंच.

फाईल आधीच बिघडली असेल तर

ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर काढा आणि अभ्यासाच्या काळातलं खुब्याचं प्रत्येक फ्रॅक्चर फाईलशी ताडून बघा. रजिस्टरमध्ये आहेत आणि फाईलमध्ये नाहीत, अशांची यादी करा. ऑपरेशनच न झालेले रजिस्टरमध्ये सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी भरतीची वही वेगळी बघावी लागते. ते विसरूच नका, कारण ऑपरेशन न होण्याइतके आजारी तेच असतात. मग फोन. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी लावूनही लागला नाही, तरच ‘संपर्क झाला नाही’ असं लिहा. एकूण किती, वगळले किती आणि का, गेले किती, हरवले किती, हे दोन्ही गटांचं वेगवेगळं आकृतीत काढा. याला महिना लागतो. पंधरा दिवस उरले असतील तर मुदत वाढवून मागा. विभागप्रमुखांशी बोलायला मी येईन, तोवर पी व्हॅल्यू मात्र मागू नका.