'हाय अँड लो' बघा, पण ड्रायव्हरवर नजर ठेवून

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'हाय अँड लो' (१९६३) हा चित्रपट पहिल्यांदा बघताना काहीही टिपून घेऊ नका. अपहरणाची गोष्ट आहे, तिच्यामागे निवांत जा. शेवट कळला की दुसऱ्यांदा लावा, आणि या खेपेला नायकाकडे बघायचं नाही असं ठरवूनच बसा.

नायक गोंडो हा बूट कंपनीतला बडा अधिकारी. योकोहामात टेकडीवर त्याचा बंगला. त्याचा मुलगा समजून चुकून त्याच्या ड्रायव्हरचा, आओकीचा मुलगा पळवला जातो. खंडणी तीन कोटी येन. पहिला तासभर कथा जवळजवळ त्या बंगल्याच्या दिवाणखान्यातच घडते. तिथे दहा मिनिटं आवाज बंद करा आणि फक्त आओकीला शोधत राहा. तो कुठे उभा असतो? त्याचं पोर गेलंय, तरी त्याच्या तोंडाकडे कोण बघतं? संवाद नसले की मालक-नोकर हे नातं उभं राहण्याच्या जागेवरूनच कळतं. पुढे हाच आओकी सुटून आलेल्या मुलाला गाडीत बसवून गुन्हेगारांचा अड्डा शोधत फिरतो. ते दृश्य मला धावत्या रेल्वेतून खंडणीचे पैसे फेकण्याच्या गाजलेल्या प्रसंगाहून मोठं वाटतं.

उत्तरार्धात तपास आहे. पोलीस कष्टाळू आणि सभ्य आहेत, त्यामुळे त्यांच्यावर लगेच विश्वास बसतो. म्हणूनच इथे सावध राहायचं. गुन्हेगार कोण ते त्यांना कळलेलं असतं, पण नुसत्या अपहरणाला फाशी नाही, म्हणून ते त्याला मोकळा सोडून पाळत ठेवतात. साथीदारांना मारायला तो जे हेरॉइन वापरणार असतो, ते आधी एका व्यसनी बाईवर आजमावतो. पोलीस मागावर असताना ती मरते. इथे पॉज करा. गटात बघत असाल तर प्रत्येकाला विचारा: त्या बाईच्या जागी गोंडोच्या घरातलं कुणी असतं तर पोलीस असेच बघत राहिले असते का? माझ्या मते नाही.

चर्चा 'गरिबीमुळे गुन्हा घडला' एवढ्यावर आटपू देऊ नका. गुन्हेगार शिकाऊ डॉक्टर आहे, वस्तीतला सर्वांत गरीब माणूस नाही. त्याच्या खोलीतून टेकडीवरचा बंगला दिसतो. राग आणि गरज वेगळ्या करून बोला, मग गोंडो आणि गुन्हेगाराची शेवटची तुरुंगातली भेट पुन्हा लावा.