लहान मुलांसाठी वाजवणारा रॉक बँड कसा उभारावा आणि कसा चालवावा

लहान मुलांसाठी गाणारा बँड म्हटले की कीबोर्डवर आधीच भरून ठेवलेला ताल, चकचकीत टोप्या आणि मुद्दाम बोबडे बोलणारा निवेदक एवढेच अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या प्रकारात नाव कमावलेले लोक पक्के वादक आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘द विगल्स’ या बँडचे अँथनी फील्ड आणि जेफ फॅट हे त्याआधी ‘द कॉकरोचेस’ या मोठ्यांच्या रॉक बँडमध्ये वाजवत होते आणि फील्ड यांनी पुढे मॅक्वॉरी विद्यापीठात बालशिक्षणाचा अभ्यासही केला होता. फिनलंडमध्ये २००९ पासून गाजलेला ‘हेवीसॉरस’ हा बँड डायनासोरचे पोशाख घालून मुलांसाठी हेवी मेटल वाजवतो, आणि त्यातले मेटल खरेच मेटल असते. या दोन्ही उदाहरणांतून एकच सूत्र हाती लागते: मुलांसाठी म्हणून संगीत पातळ करू नये, आवाजाची पातळी, पट्टी आणि वेळ एवढ्या तीन गोष्टी मात्र मुलांच्या मापाने घ्याव्यात. पुढील सूचना हौशी वादकांनी किंवा एखाद्या कुटुंबाने मिळून असा बँड सुरू करावा, या हेतूने दिल्या आहेत.

माणसे आणि वाद्ये

चार जण पुरेसे होतात: ड्रम, बेस (जाड तारांची, खर्ज आवाजाची गिटार), गिटार आणि गाणारी व्यक्ती. चौघांपैकी एकाने पूर्ण वेळ मुलांकडे तोंड करून उभे राहावे आणि त्याच्या हातात शक्यतो वाद्य नसावे, कारण हातवारे करून मुलांना गाण्यात ओढून घेण्याचे काम गिटार गळ्यात असताना अर्धेमुर्धेच होते. पाचवा माणूस मंचावर नसला तरी बँडचाच असतो. तो आवाजाचा मिक्सर सांभाळतो. हे काम मंडपवाल्याच्या मुलावर सोपवू नये.

घरातील मुलांना बँडमध्ये घ्यायचे असेल, तर वाद्य त्यांच्या हाताच्या मापाचे निवडावे. नेहमीच्या बेस गिटारची तार सुमारे ३४ इंच लांब असते आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाची बोटे दांडीवरच्या पहिल्या पडद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल, बेस त्याला पेलतो. त्याहून लहान मुलांना चार नायलॉन तारांचे युकुलेले द्यावे, कारण बोटे कमी दुखतात आणि दोन-तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरसमूह, लवकर बसतात. तालमीचा कंटाळा आलेल्या मुलाला त्या दिवशी सोडून द्यावे. बँडमधील मुलाचे शाळेचे वेळापत्रक आणि झोप या दोन गोष्टींपुढे कोणत्याही कार्यक्रमाची तारीख महत्त्वाची नसते, हे आयोजकाशी पहिल्या फोनवरच स्पष्ट करावे.

पूर्ण ड्रमसेट विकत घेण्याची घाई करू नये. सोसायटीच्या सभागृहात लाकडी कहोन हे बसून वाजवायचे पेटीसारखे वाद्य, एक हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि पायाने वाजणारी खंजिरी यांवर काम उत्तम भागते. ड्रमसेट असेलच, तर जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीचे रॉड्स वापरावेत. त्यांनी तालाचा ठसका राहतो आणि आवाज बराच खाली येतो. गिटारसाठी दहा-पंधरा वॅटचा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकर, पुरतो. मोठा अँप आणला की गिटारवाल्याचा हात आवाजाच्या खुंटीकडे गेल्याशिवाय राहत नाही, आणि हा दोष सार्वत्रिक आहे.

गाणी बांधणे

सर्वाधिक मेहनत येथे घ्यावी. आरंभी दहा गाणी बसवावीत आणि त्यांतील निदान सहा स्वतःची असावीत. दुसऱ्याचे गाणे जाहीर कार्यक्रमात गायचे तर हक्कांचा प्रश्न येतो: भारतात गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो, आणि अशा सादरीकरणाचा परवाना बहुतेक वेळा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या संस्थेकडून घ्यावा लागतो. पारंपरिक बडबडगीते आणि भोंडल्याची गाणी मात्र सर्वांची आहेत. भोंडल्याच्या गाण्यांकडे तर पाठ्यपुस्तकासारखे पाहावे. फेर धरणे, एकीने ओळ सांगणे आणि बाकीच्यांनी ती उचलणे, प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदलत जाणे, हे सगळे त्यांत आहे, आणि चार वर्षांचे मूल दुसऱ्या कडव्याला गाणे पाठ असल्यासारखे गाऊ लागते ते याच बांधणीमुळे.

नवे गाणे लिहिताना अष्टाक्षरीपासून सुरुवात करावी. रॉकच्या चार मात्रांच्या एका आवर्तनात आठ अर्ध्या मात्रा असतात आणि अष्टाक्षरीचा एक चरण त्यांत नेमका बसतो. उदाहरणादाखल ‘आजी गेली टपावर, चष्मा तिचा नाकावर’ ही ओळ घ्यावी. कागदावर प्रत्येक चरणात आठ अक्षरे आहेत. परंतु बोलताना शेवटचा ‘र’ सुटा उच्चारला जात नाही, त्यामुळे कानाला सातच उच्चार ऐकू येतात आणि आठवी जागा रिकामी राहते. ती भरण्यासाठी ‘र’ ओढून गाऊ नये; ऐकायला ते खोटे वाटते. त्या जागी मुलांकडून टाळी घ्यावी. पुढच्या आवर्तनात गायकाने ‘कुणावर?’ असे विचारावे आणि मुलांनी ‘नाकावर!’ असे ओरडावे. तिसऱ्या फेरीला चष्मा नाकावरून कानावर, कानावरून डोक्यावर न्यावा, म्हणजे नवे कडवे लिहिण्याचे कामही मुलेच करतात. या वेळी ड्रम आणि बेस यांनी पूर्ण गांभीर्याने दणकट साथ द्यावी. ओळ जितकी खुळी, तितकी साथ पक्की असावी.

गाण्याची लांबी अडीच ते तीन मिनिटे ठेवावी. गिटारचा एकल तुकडा चार आवर्तनांपेक्षा लांबवू नये आणि तेवढ्या वेळात मुलांना उडी, गिरकी किंवा पुतळा होऊन उभे राहणे असे काहीतरी काम द्यावे. बँडने एकदम थांबायचे आणि मुलांनी आहे त्या स्थितीत गोठायचे, हा खेळ प्रत्येक कार्यक्रमात एकदा असावाच. त्यासाठी चौघांचे थांबणे मात्र इतके नेमके हवे की झांजेची किणकिणही मागे उरू नये. लय मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांच्या आसपास बरी पडते. त्याहून जलद गेले की मराठी जोडाक्षरे तोंडातच अडखळतात.

पट्टी

रॉक गायक आपल्या गळ्याची पट्टी धरून बसतात आणि समोरची मुले नुसती ओरडतात, ही तक्रार सर्रास ऐकू येते. पाच ते सात वर्षांची बहुतेक मुले मधल्या सप्तकातील पांढरी दोनपासून (पेटीवरील दुसरी पांढरी पट्टी) पांढरी सहापर्यंत आरामात गातात. त्यामुळे पांढरी दोनचा षड्ज धरून चाल षड्ज ते पंचम एवढ्याच स्वरांत बांधली, तर ती प्रत्येक मुलाच्या गळ्याला पोहोचते. योगायोगाने गिटारवर हीच डी मेजर पट्टी असून डी, जी आणि ए हे तीन कॉर्ड नवशिक्यालाही येतात. पुरुष गायकाने हेच स्वर खालच्या सप्तकात गावेत, आणि बँडमध्ये गाणारी स्त्री असेल, तर मुख्य चाल तिच्याकडे द्यावी, कारण मुले तिचा सूर जसाच्या तसा उचलतात.

तालीम

आठवड्यातून एकदा दोन तास जॅमरूम, म्हणजे बँडच्या तालमीसाठीची खोली, भाड्याने घेणे हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीचा मार्ग आहे. घरीच तालीम करायची असेल, तर कहोन आणि अँपविना गिटार एवढ्यावर भागवावे आणि दुपारची वेळ टाळावी. शेजारच्या आजोबांची वामकुक्षी मोडली, तर बँडचा पहिला शत्रू त्याच जिन्यात तयार होतो. तालमीत सलग सगळी गाणी वाजवत बसू नये. एका गाण्यातून दुसऱ्यात कसे जायचे, तार तुटली तर मधले अर्धे मिनिट कोणी बोलायचे आणि एखादे मूल मंचावर चढून आले तर वाजवणे न थांबवता त्याला कोणी सांभाळायचे, याचीही तालीम करावी. पहिला कार्यक्रम ओळखीच्या घरातील वाढदिवसाला, फुकट करावा.

आवाजाची पातळी

या बाबतीत तडजोड नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषात मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास असा हिशेब धरला आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ८४ डेसिबलला पाच तास उरतात आणि ९० डेसिबलला अवघा सव्वा तास, तोही संपूर्ण आठवड्याचा. बंद खोलीत जोरात वाजवलेला ड्रमसेट १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. म्हणून साउंड चेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याच्या, वेळी एकाने मोबाइलवरील डेसिबल मोजणारे ॲप घेऊन पहिल्या रांगेत सतरंजीवर खाली बसावे, कारण मुलाचा कान त्या उंचीवर असतो, आणि आकडा ८४-८५ च्या वर जाऊ लागला की आधी ड्रम, मग गिटार आणि शेवटी गळा या क्रमाने आवाज उतरवावा. ॲपचा आकडा अंदाजीच असतो, परंतु अंदाजही कामाला येतो. स्पीकर, त्याचा आवाज मुलांच्या डोक्यावरून मागे पालकांकडे जाईल इतक्या उंचीवर ठेवून त्याचे स्टँड दोरीने बांधावेत आणि त्यापासून पहिली रांग निदान दहा फूट दूर बसवावी. बँडमधील मुलांनी ड्रमजवळ वाजवताना कानांवर इअरमफ घालावेत.

मोकळ्या आवारात ध्वनिक्षेपक लावायचा असेल, तर लेखी परवानगी आवश्यक असते आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्याला मनाई आहे. मुलांच्या बँडला रात्रीची गरज नसल्याने दुसरी अट आपोआप पाळली जाते. परवानगीचा अर्ज मात्र आयोजकाने केला आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळी साडेदहा किंवा संध्याकाळी साडेपाच ही वेळ निवडावी आणि कार्यक्रम ४५ मिनिटांत संपवावा. पोशाख साधे, पण एकेका रंगाचे असावेत. विगल्सच्या चौघांनी लाल, निळा, पिवळा आणि जांभळा असे रंग वाटून घेतले होते. ज्याला नाव लक्षात राहत नाही, ते मूलही ‘पिवळा काका’ अशी हाक मारू शकते. चकचकणारे दिवे आणि धूर टाळावेत. वायरी जमिनीला चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात आणि जोडण्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

गाण्यांचा क्रम असा लावावा की पहिल्या गाण्यात मुलांना फक्त टाळ्या वाजवाव्या लागतील, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत सगळी उभी राहिलेली असतील, मध्यावर एकदा खाली बसवून पाणी पाजता येईल आणि शेवटचे गाणे संथ असेल. जोरात नाचवून कार्यक्रम संपवला, तर टाळ्या जास्त मिळतात. पण दमलेल्या आणि तरीही उसळणाऱ्या मुलांना घरी नेताना पालकांच्या नाकीनऊ येतात आणि पुढचे बोलावणे त्यांच्याच हातात असते. काही मुले पूर्ण वेळ आईच्या मांडीवरून हलणार नाहीत. त्यांना हात धरून ओढू नये, माईक तोंडापुढे नेऊन ‘लाजतोस का?’ असे तर कधीही विचारू नये. अशी मुले बहुधा घरी गेल्यावर सगळी गाणी म्हणून दाखवतात.

कार्यक्रम संपल्यावर पंधरा मिनिटे मुलांना वाद्ये हाताळू द्यावीत. एका वेळी दोघांना ड्रमजवळ सोडावे, अँप बंद ठेवावेत आणि बेसची जाड तार बोटाने छेडून तिची थरथर पाहू द्यावी. मुलांचे फोटो किंवा चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकण्याआधी पालकांची संमती घ्यावी. मानधन गाडीभाडे, जॅमरूम, तारा आणि काठ्या यांचा खर्च वजा करून त्याच दिवशी वाटून टाकावे. मुलांच्या तोंडाशी नेलेल्या माईकचे फोमचे टोपण घरी आल्यावर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घालावे, नाहीतर पुढच्या आठवड्यात चारही गायक-वादकांना एकच सर्दी झालेली असते.