ईस्ट लोथियनच्या किनाऱ्यावर चौघांची गोल्फ सहल: तयारीपासून शेवटच्या ग्रीनपर्यंत

स्कॉटलंडमध्ये एडिनबऱ्याहून पूर्वेला समुद्राच्या कडेने ईस्ट लोथियनमध्ये निघालं की मसलबरा, लाँगनिड्री, ॲबरलेडी, गलन, नॉर्थ बेरिक, डनबार अशी गावं लागतात आणि जवळपास प्रत्येक गावाला स्वतःचा गोल्फ कोर्स आहे. भारतातून जाणाऱ्यांचा पहिला मोह असतो तो सगळं उरकण्याचा. तो आवरा. एका गावात मुक्काम आणि दिवसाला एकच ठरलेली फेरी एवढं धरून चला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पाय चालत असतील तर संध्याकाळी आणखी नऊ होल सहज होतात. बऱ्याच क्लबांत तेव्हा दरही कमी असतो.

माणसं चारच हवीत. एका टी टाइमला, म्हणजे खेळ सुरू करायच्या नेमून दिलेल्या वेळेला, चौघं खेळतात. पाचवा आला की तीन-दोन अशा तुकड्या पडतात आणि दुसरी वेळ शोधावी लागते. शनिवारी बहुतेक क्लबांत सदस्यांच्या स्पर्धा असतात, म्हणून सोमवारी पोहोचून शुक्रवारी निघावं. मुक्काम नॉर्थ बेरिकला करा: एडिनबऱ्याच्या वेव्हर्ली स्टेशनवरून लोकल गाडी साधारण अर्ध्या तासात पोहोचते आणि तिथला वेस्ट लिंक्स हा कोर्स स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. ऑगस्ट मात्र टाळा. एडिनबऱ्यात महोत्सव असतो आणि खोल्यांचे दर बघवत नाहीत.

सोमवारी हातपाय मोकळे करायला मसलबऱ्याचा जुना कोर्स चांगला. नऊच होल, तेही घोड्यांच्या रेसकोर्सच्या आत. १८७४ ते १८८९ या काळात इथे सहा वेळा ओपन ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा झाली. मंगळवारी नॉर्थ बेरिक, बुधवारी गलनचा नंबर एक कोर्स, गुरुवारी फाइफमधल्या सेंट अँड्र्यूजचं नशीब.

नशीब म्हणायचं कारण, तिथल्या ओल्ड कोर्सचे बरेच टी टाइम सोडतीने मिळतात. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी २ च्या आत नावं द्यावी लागतात. गट किमान दोघांचा, जास्तीत जास्त चौघांचा. म्हणजे गुरुवारसाठी मंगळवारी. सकाळी नॉर्थ बेरिकच्या पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) जाण्याआधीच हे काम उरका, कारण फेरी संपेपर्यंत दोन वाजून गेलेले असतात आणि बहुतेकांची संधी इथेच हुकते. प्रत्येकाचा अधिकृत हँडिकॅप, म्हणजे खेळाच्या कुवतीचा आकडा, लागतो, तेव्हा आपल्या क्लबाकडून त्याचं प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्या. रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो, गावकरी तिथे फिरायला येतात. सोडत लागली नाही तर शेजारचा न्यू कोर्स आहे. नावाने नवा असला तरी तो १८९५ चा.

सामानात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ड्रायव्हरचं, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात लांब काठीचं (काठीलाही क्लबच म्हणतात). मऊ कव्हरमध्ये तो इतर क्लबांपेक्षा उंच राहतो, बॅग उलटी आपटली की पहिला दणका त्यालाच बसतो आणि शाफ्ट (दांडा) मानेजवळ मोडतो. उपाय दोन: पान्याने ड्रायव्हरचं डोकं काढून मोज्यात गुंडाळा, आणि बॅगेत ड्रायव्हरपेक्षा दोन इंच उंच असा आधाराचा दांडा उभा ठेवा, म्हणजे मार तो खातो. क्लबांच्या डोक्यांभोवती रेनकोट आणि स्वेटर कोंबा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) जादा बॅटऱ्या केबिन बॅगेत. वॉटरप्रूफ बुटांचे दोन जोड, ओल्या हाताने पकड देणारे पावसाळी हातमोजे आणि माणशी दीड डझन चेंडू. छत्री घरीच ठेवलेली बरी, त्या वाऱ्यात ती उलटी होते.

चेंडू इतके कशाला? आपल्याकडे बॅग उचलायला कॅडी असतो, चेंडूवर नजर ठेवायला पुढे आगेवाला उभा असतो, चेंडू कुठे पडला हे आपण बघतही नाही. इथे बॅग स्वतःच्या खांद्यावर किंवा ढकलगाडीवर, आणि काटेरी गॉर्सच्या झुडपात गेलेला चेंडू शोधायला नियमाने तीनच मिनिटं. शंका आली की तिथूनच प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा चेंडू, मारा. परत चालत येण्याची वेळ आली की मागचा गट खोळंबतो, आणि सावकाश खेळणारे पाहुणे इथे कोणालाच आवडत नाहीत.

आता खेळ. जमीन वाळूची, गवत आखूड, पृष्ठभाग टणक. वेज म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब आणि बाउन्स म्हणजे त्याच्या तळाचा फुगवटा. मोठ्या बाउन्सचा वेज जमिनीवर आपटून उसळतो, त्याची धार चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. चार ते आठ अंश बाउन्सचा वेज बरा. त्याहून बरं म्हणजे वेज काढूच नये. ग्रीनबाहेर तीस यार्डांपर्यंत आठ नंबरच्या क्लबने चेंडू सरपटवा किंवा थेट पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) घ्या. समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल तर एक नंबर जास्त लांब मारणारा क्लब घ्या, पण जोर कमी. जोराने मारलं की फिरकी वाढून चेंडू उंच जातो आणि वारा त्याला परत आणतो. पॉट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खोल खड्ड्यात, भिंतीला चिकटलात तर ग्रीन विसरा, आडवा किंवा मागे काढा.

नॉर्थ बेरिकच्या पंधराव्या होलवर, म्हणजे रेडानवर, ही शिस्त कसाला लागते. साधारण १९० यार्डांचा पार तीन (तीन फटक्यांत संपवायचा होल), पुढच्या उंचवट्यामुळे ग्रीनचा पृष्ठभाग दिसत नाही. तो पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागे डावीकडे उतरतो. झेंड्याकडे सरळ मारणाऱ्यांना डावीकडचा खोल बंकर गिळतो. ग्रीनच्या उजव्या तोंडाशी चेंडू टाका, बाकीचं काम उतार करतो. त्याआधी तेराव्या होलवर ग्रीनपुढे बुटकी दगडी भिंत आडवी येते. दुसऱ्या फटक्याची खात्री नसेल तर तिच्या अलीकडे तीस-चाळीस यार्डांवर थांबा आणि तिथून उंच उडवा. भिंतीला खेटलेल्या चेंडूला फारसा पर्याय उरत नाही.

टी बहुधा पाहुण्यांना पिवळे मिळतात. पांढऱ्यांसाठी हट्ट करू नका. चौघांच्या तीनच वेगवेगळ्या जोड्या होतात आणि मोठ्या फेऱ्याही तीन, त्यामुळे रोज जोडीदार बदला आणि फोरबॉल स्टेबलफोर्ड खेळा, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा चेंडू आणि दर होलला गुण. कोर्स हँडिकॅपचे ८५ टक्के धरा, गुण प्रत्येकाच्या नावावर साठवा. चौघांतला दुबळा खेळाडूही अशाने शेवटपर्यंत स्पर्धेत राहतो.

गाडी घ्यायची तर नऊ आसनी व्हॅन घ्या. चार माणसं, चार गोल्फ बॅगा आणि चार सुटकेस साध्या कारमध्ये मावत नाहीत. भारतीय परवान्यावर पाहुणा बारा महिने गाडी चालवू शकतो. मात्र स्कॉटलंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, इंग्लंडच्या ८० पेक्षा कमी. फेरीनंतर बिअर घ्यायची तर त्या दिवशी चालक कोण, हे सकाळीच ठरवा. शाकाहाऱ्यांनी क्लबहाउसमधलं मसूर डाळीचं सूप मागण्याआधी विचारून घ्यावं, ते बरेचदा हॅमच्या रश्श्यात शिजवलेलं असतं. जीन्स घालून क्लबहाउसच्या जेवणघरात शिरू नका.